पाठीमागून घेतलेलं माप

ताई कंबर नेहमी पाठीमागून मोजत. छाती समोरून, खांदा बाजूने, बाही हात वाकवायला लावून. कंबर मात्र मागूनच. बाईला आरशाकडे तोंड करून उभं करायचं, टेप पुढून फिरवून दोन्ही टोकं तिच्या पाठीवर आणायची, चष्मा नाकावर सरकवायचा आणि मोकळ्या आवाजात सांगायचं, “बत्तीस!” मग टेबलाशी वळून वहीत लिहायचं, छत्तीस.

हे त्यांनी कुणाला फसवायचं म्हणून सुरू केलं नव्हतं. तीस वर्षांच्या शिवणकामात पहिली पंधरा-सोळा वर्षं आकडा कुणी विचारलाच नाही. बायका यायच्या, हात पसरून उभ्या राहायच्या, माप होईपर्यंत सासूबद्दलचं मनातलं सगळं ओकायच्या आणि हलक्या होऊन जायच्या. ड्रेस अंगाला बसला की झालं. पुढे बायका मासिकाचं फाडलेलं पान आणू लागल्या, आणि मग आले फोन. “ताई, अगदी अस्सा शिवा.” फोनमध्ये ओंजळीत मावेल एवढ्या कमरेची एक मुलगी, आणि फोन धरून उभी असलेली बाई दोन बाळंतपणं झालेली, दिवसभर राबणारी, चांगली भरल्या अंगाची. माप घेताना ती श्वास ओढून धरायची. “सोडा हो श्वास,” ताई म्हणायच्या. “नाहीतर हा ड्रेस घालून नुसतं उभं राहावं लागेल. बसलात की शिवण बोलेल सगळ्यांच्या देखत.”

एकदा एक तान्ह्या बाळाची आई आली. ताईंनी सवयीने होता तो आकडा सांगितला, तशी ती आरशात बघत मुसमुसायला लागली. कापडाच्या ढिगावर तिचं तीन महिन्यांचं मूल मुठी वळून झोपलं होतं. “थांबा थांबा, टेप पिळला गेलाय,” असं म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं आणि तीन इंच कमी सांगितलं. बाई डोळे पुसून हसली. त्या दिवसापासून ताईंकडे दोन मापं झाली. एक बोलायचं, एक शिवायचं. ड्रेस खऱ्या मापाचा असल्यामुळे बसायचा फक्कड, आणि बाई खोट्या मापावर खूश होऊन घरी जायची. यात कुणाचं काय गेलं, असं ताईंना वाटे.

काम पुढच्या खोलीत चाले. रस्त्याकडच्या खिडकीखाली मशीन, मधोमध कापायचं टेबल, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा. मागच्या खोलीच्या दाराला जाड पडदा होता आणि पडद्यामागे त्यांची एकुलती एक मुलगी अभ्यासाला बसायची. वय पंधरा. जन्मली तेव्हा इतकी गोल आणि गुळगुळीत होती की ताईंनी तिला गुंडी म्हणायला सुरुवात केली आणि गल्लीनेही तेच उचललं. पडदा नजर अडवायचा, आवाज नाही.

“ताई, यंदा एखादा इंच उतरला की नाही?” बँकेतल्या काकू विचारायच्या.

“उतरला की. बत्तीस.”

“बघा! आणि आमचे हे म्हणतात, दार रुंद करून घेऊ या का.”

“त्यांना म्हणावं, आधी स्वतःचं पोट दारातून आत आणा. ते पुढे येतं आणि पाठोपाठ तुम्ही.”

दोघी खो खो हसायच्या. समोरच्या नर्सबाई एकोणतीस, कोपऱ्यावरच्या घरातली लग्न ठरलेली मुलगी सत्तावीस. शाळा सुरू होताना गुंडीचा शाळेचा स्कर्ट शिवायला घेतला तेव्हा तिचीही कंबर मोजली. “तीस,” ताई म्हणाल्या आणि वहीतही तीसच लिहिलं. घरच्या पोरीला कशाला खोटं सांगायचं?

याच सुमारास मोठ्या रस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानातून बोलावणं आलं. दुकानदारासाठी ताई आठ वर्षं शिवत होत्या. त्याने तरुण मुलींसाठी नवा ड्रेस काढला होता, नमुना ताईंच्याच हातचा, आणि आता त्याची जाहिरात करायची होती. “फोटो काढताना सुई-दोरा घेऊन कुणीतरी हवं,” तो म्हणाला. “या जरा.”

दुकानाच्या वरच्या मजल्यावर भिंतीला पांढरं कापड लावलं होतं आणि दिव्यांनी खोली भट्टीसारखी तापली होती. फोटोवाली मुलगी असेल एकोणीस वर्षांची. उंच, हसरी, चपला काढून अनवाणी बसलेली. ताईंनी तिचं माप घेतलं, तेही सवयीने पाठीमागून. अठ्ठावीस. त्या मापावर दोन इंच सैल ठेवून शिवलेला ड्रेस तिच्या अंगावर झकास बसला. ताईंना वाटलं, झालं आपलं काम. पण फोटोवाला कॅमेऱ्यातून बघून म्हणाला, “अजून आत घ्या.”

“आत घेतला तर हिला वर जायची वेळ येईल,” ताई म्हणाल्या.

“शिवू नका हो. क्लिपा लावा.”

कागदांना लावतात तसल्या लोखंडी क्लिपा त्याने पुढे केल्या. मानेपासून कमरेखालपर्यंत सात क्लिपा ताईंनी स्वतःच्या हाताने लावल्या. पुढून बाहुली आणि मागून दफ्तराची फाईल! मुलगीही हसली, पण बेताने, कारण हसायला जागाच उरली नव्हती. दुपारी सगळ्यांची जेवणं आली तेव्हा तिने पाण्याने नुसते ओठ ओले केले. ताईंनी विचारलं तर म्हणाली, “हे तर काहीच नाही मावशी, अजून कॉम्प्युटरवर घासतात मला. माझी आईच फोटो बघून विचारते, ही कोण गं?”

ताई हसल्या आणि घरी आल्या. आणि घरी येऊन त्यांनी काय सांगितलं? क्लिपांचं सांगितलं नाही, कोरड्या ओठांचं सांगितलं नाही. हात धुता धुता त्या एवढंच म्हणाल्या, “गुंडे, तुझ्या आईच्या हातचा ड्रेस आता सगळं गाव बघणार!”

गावाने बघितला. शाळेजवळच्या बसथांब्यावर दोन माणसांच्या उंचीचा फलक लागला. तीच मुलगी, पण दंड काठीसारखे आणि कंबर मधेच कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘बसेल तुला?’ बस एवढंच. ना दुकानाची स्तुती, ना कापडाची. रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक पोरीला हटकून विचारलेला प्रश्न. तोच फोटो पोरींच्या फोनमध्येही जाऊन बसला; सकाळी डोळे उघडले की हजर, अभ्यासाच्या पुस्तकामागे हजर. शाळेतल्या मुली फलकाला पाठ लावून आपले फोटो काढू लागल्या, कुणाची कंबर किती बाहेर येते ते बघायला.

घरी पहिला बदल असा झाला की गुंडीने स्कर्ट आणून पुढे टाकला. “सैल होतोय. आत घेऊन दे.”

ताईंनी दोन्ही बाजूंना एकेक शिलाई मारून दिली. महिन्याभराने पुन्हा. “उंची वाढतेय ना,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “या वयात पोरी अशाच सुटसुटीत होतात.” नवरा शहर बसचा चालक, पहाटे घर सोडणारा. तो म्हणाला, “मला ती सुटसुटीत नाही, सुकलेली दिसते.” ताईंनी ते कानाआड केलं. तिसऱ्यांदा स्कर्ट आला तेव्हा त्यांनी आधीची शिलाई उसवून नवी घातली, जादा कापड आतल्या बाजूला मुडपलं, इस्त्री फिरवली आणि लेकीला आरशासमोर उभं करून कौतुकाने म्हणाल्या, “बघ, कशी चवळीची शेंग!”

जिला दुसऱ्याच्या खांद्यातला अर्ध्या इंचाचा फरक दुरून कळायचा, त्या बाईला स्वतःच्या लेकीचा चार बोटं उतरलेला देह कळला नाही. कळला, पण तो चांगला वाटला. पुढे याच एका गोष्टीसाठी ताई स्वतःला जेवढ्या शिव्या देत, तेवढ्या त्यांनी आयुष्यात कुणाला दिल्या नसतील.

डबा रोज चाटूनपुसून रिकामा यायचा. तो वर्गातली दुसरीच मुलगी खात होती. संध्याकाळी “मैत्रिणीकडे खाल्लं,” सकाळी “उशीर झाला.” कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले. भर दुपारी गुंडी स्वेटर घालून बसायची. आणि एके दिवशी शाळेत सकाळच्या रांगेत उभी असताना ती कोसळली.

शाळेतल्या बाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि तिथूनच त्यांनी ताईंना बोलावलं. मशीनवरचं कापड तसंच सुईखाली ठेवून ताई धावल्या. डबा रोज दुसरीच मुलगी खाते, हे शाळेतल्या बाईंनी त्यांना तिथेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, वजन केलं, मग ताईंकडे वळून विचारलं, “पाळी कधीपासून बंद आहे हिची?”

ती बंद आहे हेच ताईंना माहीत नव्हतं.

“हे नखरे नाहीत आणि हट्टही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजार आहे. हृदयाचे ठोके मंद झालेत. ओरडू नका, जबरदस्तीने कोंबू नका, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. आठ दिवसांनी घेऊन या. तोवर फरक पडला नाही तर हिला मी इथे दाखल करून घेणार. याला उशीर झाला तर पोर हातची जाते, हे स्पष्ट सांगते.”

ओरडू नका म्हटलं होतं. घरी पाऊल टाकताच ताई ओरडल्या. “काय कमी केलं गं तुला? इथे आम्ही हाडांची काडं करतो आणि तू अन्न लोकांच्या पोरींना वाटतेस? कसला एवढा माज?”

गुंडी भिंतीला टेकून उभी होती. आवाज तिचाही चढला. “माज नाही! मी जाड आहे!”

“कोण म्हणतं?”

“तूच म्हणतेस! नर्सकाकू एकोणतीस. दोन मुलांची आई, एकोणतीस! त्या कोपऱ्यावरच्या ताई सत्तावीस. बँकेतल्या काकू, त्या एवढ्या... त्या बत्तीस. आणि मी तीस! पंधराव्या वर्षी मी तीस! सगळं ऐकू येतं मला आत. शाळेत मुली विचारतात, तुझ्या आईनेच शिवलाय ना तो ड्रेस, मग तुला का बसत नाही?”

ताईंनी टेबलाच्या खणातून वही काढली, भराभर पानं उलटली. “हे बघ. हे बघ गं बाळा. बँकेतल्या काकू छत्तीस आहेत. नर्सबाई तेहतीस. ती लग्नाची मुलगीसुद्धा तुझ्याएवढीच, तीस. मी उगाच कमी सांगते त्यांना. त्यांना बरं वाटावं म्हणून.”

गुंडीने वही बघितली. पुन्हा पुन्हा बघितली. ताईंना वाटलं, सुटली पोर. मग गुंडी वर बघून अगदी सावकाश म्हणाली, “म्हणजे तू खोटं सांगतेस.”

“अगं, त्यांना...”

“सगळ्यांना. मग आता मला खरं सांगतेयस हे कशावरून? हे तू मला बरं वाटावं म्हणून लिहिलं नाहीस कशावरून?”

ताईंनी फोटोच्या दिवसाचं सांगायला सुरुवात केली. त्या मुलीची कंबर अठ्ठावीस होती, मी स्वतः मोजली, फोटोत दिसते तशी ती नाहीच. गुंडीने कानांवर हात ठेवले. “तूच मोजलीस ना? मग झालं!” आणि ती पडद्यामागे निघून गेली.

वर्षानुवर्षं दया म्हणून सांगितलेली खोटी मापं त्या दिवशी ताईंच्या शब्दाला खाऊन बसली होती. पोरीचा जीव टांगणीला लागलेला, आणि तिला वाचवायला आईजवळ जे एकच हत्यार होतं, खरं बोलणं, ते आईनेच बोथट करून ठेवलेलं. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते ताईंना तेव्हा कळलं. राग कुणावर काढावा तेच कळेना. फोटोवाल्यावर, दुकानदारावर, बसथांब्यावरच्या त्या उद्धट प्रश्नावर, की स्वतःच्या गोड जिभेवर?

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या काकू आल्या. ताईंनी त्यांना उभं केलं, पण पाठीमागे गेल्या नाहीत. टेप समोरून लावला आणि पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, “छत्तीस.”

काकू हसल्या. “काय थट्टा करता! टेप आटला वाटतं तुमचा.”

“टेप तोच आहे. तुम्ही चार वर्षं छत्तीसच आहात. मीच कमी सांगत होते.”

काकूंचं तोंड उतरलं. आधी त्या लाजल्या, मग रागावल्या. “मग आजच का सांगितलंत? एवढी वर्षं हसत होतात मनातल्या मनात?”

“नाही हो. कीव करत होते. ते हसण्यापेक्षा वाईट.”

काकूंनी कापड पिशवीत परत कोंबलं. दारातून वळून म्हणाल्या, “मी घरी सगळ्यांना बत्तीस सांगून बसले होते, ताई.” आणि गेल्या, त्या पुन्हा आल्या नाहीत. त्या आठवड्यात आणखी दोघी अशाच गेल्या. नर्सबाई तेवढ्या म्हणाल्या, “मला माहीत होतं हो. दवाखान्यात टेप आमच्याकडेही असतो. पण तुमच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं.” पडद्यामागून कसलाच आवाज आला नाही. गुंडी सकाळी अर्धा कप दूध घेई, दुपारी दोन घास चिवडी, आणि ते गिळताना तिच्या चेहऱ्यावर अशी भीती असे की बघणाऱ्याला वाटावं, ताटात विंचू आहे. बाप सुट्टी काढून घरी बसला होता. तो तिच्यासमोर स्वतःचं ताट घेऊन मुकाट जेवायचा आणि आत जाऊन डोळे पुसायचा.

सहाव्या दिवशी दुपारी ताईंनी चपला घातल्या. “गुंडे, चल माझ्याबरोबर.”

“कुठे?”

“दुकानात. तुला मी काही सांगणार नाही. तू फक्त बघ.”

बापाने दोघींना रिक्षात बसवून दिलं. दुकानात शिरताच समोर काचेपलीकडे प्लॅस्टिकची बाहुली उभी होती. अंगात तोच ड्रेस, मागे तोच फोटो. दोन-चार मुली तिथेच रेंगाळत होत्या. ताई सरळ काचेमागे शिरल्या आणि त्यांनी बाहुलीला गर्रकन फिरवलं. पाठीवर क्लिपा होत्या. इथेही होत्या! निर्जीव बाहुलीसुद्धा त्यांना पुरेशी बारीक वाटली नव्हती.

ताईंनी पहिली क्लिप काढून गल्ल्याच्या टेबलावर आपटली. मग दुसरी. दुकानदार धावत आला. “ताई, ताई, काय चाललंय हे? गिऱ्हाईकं आहेत. जरा हळू.”

“इतकी वर्षं हळूच बोलले मी. आता ऐका.” तिसरी आपटली. “हा ड्रेस मी शिवलाय. तीस इंचाचा शिवलाय. ज्या मुलीच्या अंगावर तुम्ही तो दाखवता, तिला तो नीट बसत होता, हसता येत होतं, श्वास घेता येत होता. तेवढंच तुम्हाला नको होतं!” शेवटची क्लिप निघाली आणि ड्रेस बाहुलीच्या अंगावर पिशवीसारखा लोंबला. रेंगाळणाऱ्या मुली पुढे सरकल्या. ताईंनी गळ्यातला टेप काढून लेकीपुढे धरला. “मी हात लावत नाही. तू मोज.”

गुंडी हलेना. मग तिने टेप घेतला. बोटं थंडीने काळीनिळी झालेली. तिने ड्रेसची कंबर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धरली, आकडा बघितला, पुन्हा धरली, मनाशी दुप्पट केली. “तीस,” ती पुटपुटली.

“ताई, हे सगळीकडे असंच चालतं,” दुकानदार आता गोड आवाजात म्हणाला. “जाहिरात आहे ती. लोकांना कळतं.”

“पंधरा वर्षांच्या पोरींना कळतं?”

“आणि एवढा कळवळा होता तर त्या दिवशी का नाही बोललात?” त्याचा गोडवा संपला. “क्लिपा कुणी लावल्या होत्या? मी? तुम्हीच ना लावल्यात, हसत हसत?”

सगळ्या मुली ताईंकडे बघत होत्या. गुंडीही.

“हो,” ताई म्हणाल्या. “मीच लावल्या.” “माझ्या हातांनी लावल्या आणि घरी जाऊन ड्रेसचा तोरा मिरवला. पोरगी दवाखान्यात गेली तेव्हा मला तोंड फुटलं. माझी लाज माझ्याजवळ आहे. तुमची कुठे ठेवलीत तेवढं सांगा.”

दुकानदाराने उद्यापासून शिवायला कापड पाठवणार नाही असं सांगितलं. “पाठवलंत तर आणणाऱ्या माणसासकट परत करीन,” ताई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. काचेआडचा फोटो होता तिथेच राहिला. बसथांब्यावरचा फलकही राहिला. एका शिंपिणीच्या ओरडण्याने फलक उतरत नाहीत.

घरी येऊन दार लागलं तसा गुंडीचा बांध फुटला. “तुला माहीत होतं! चार महिने तुला माहीत होतं! मी त्या फोटोसमोर रोज उभी राहत होते आणि तुला माहीत होतं की तो खोटा आहे!”

“हो.”

“का नाही सांगितलंस?”

“सांगावंसं वाटलंच नाही गं. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. माझा ड्रेस चांगला दिसला, एवढंच दिसलं मला.”

गुंडीने उशी उचलून भिंतीवर फेकली. मग वही फेकली. बाप पुढे होऊ लागला, तर ताईंनी त्याला हातानेच अडवलं. “आणि आता कळून काय उपयोग?” गुंडी रडत ओरडत होती. “फोटो खोटा आहे हे मला कळलं, कळलं मला! तरी आरशात मी जाडच दिसते! घास हातात घेतला की पोटात गोळा येतो! ते कसं जायचं? सांग ना! आता सांग खरं!”

“मला माहीत नाही,” ताई म्हणाल्या.

समोर रडणाऱ्या माणसाला बरं वाटावं असं काही बोलायचं त्यांनी टाळलं, ते कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच. गुंडी जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून म्हणाली, “मला डॉक्टरांकडे ने. आठ दिवस नको. आत्ता.”

दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं. खिडकीजवळची खाट, शेजारी एक लोखंडी खुर्ची, भिंतीवर काही नाही, आरसाही नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दिवस लागतील, महिनेही लागतील, आणि मधे मधे पाऊल मागे पडेल. गुंडी त्यांना म्हणाली, “मला जे असेल ते मलाच सांगा. आईला सांगू नका, ती गोड करून सांगते.” ताईंनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. ऐकून घ्यायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारचं ताट आलं. गुंडीने त्याकडे बघत विचारलं, “ती फोटोवाली. ती जेवली होती त्या दिवशी?”

“नाही. पाणी लावलं ओठांना.”

“कुणी म्हटलं नाही तिला, जेव म्हणून?”

“मी विचारलं. तिने हसण्यावारी नेलं. मग मी सोडून दिलं.”

“तू जेवलीस?”

“हो.”

“तिच्यासमोर?”

“हो गं. तिच्यासमोर.”

गुंडीच्या कपाळावर आठी पडली. लहानपणी कुणी तिचं खेळणं हिसकावलं की पडायची तशीच, चांगली खोल. कितीतरी महिन्यांत त्या चेहऱ्यावर भीतीशिवाय दुसरं काही दिसलं नव्हतं. “कसले लोक आहात तुम्ही सगळे,” ती म्हणाली आणि तिने चमचा उचलला. रागानेच उचलला. पहिला घास तोंडात घोळवत राहिली, डोळ्यांत पाणी आलं, पण गिळला.

मग चमचा ताटावर ठेवून म्हणाली, “माझ्याकडे बघत बसू नकोस.”

ताईंनी खुर्ची ओढली आणि लेकीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसल्या. मागे काय होतंय ते त्यांना दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने ताटात पुन्हा चमचा वाजला.